केमोनंतरचं पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन गावी घेताना: वेळ, थंडावा, काऊंट आणि ताप

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आई देवगडला असते, वय 61, वजन 46 किलो. स्तनाच्या कर्करोगासाठी दर 21 दिवसांनी मुंबईत केमो. या वेळी कार्डावर लिहून दिलंय: फिलग्रास्टिम 300 मायक्रोग्रॅम, त्वचेखाली, रोज एक, 5 दिवस, केमो संपल्यावर 24 तासांनी सुरू. पुढच्या वेळी त्याऐवजी एकच 'पेग' (पेगफिलग्रास्टिम) देण्याचा विचार आहे म्हणाले. केमो दुपारी 3 ला संपते आणि रात्रीच्या कोकणकन्येने कणकवलीला उतरून पुढे घरी यायचं आहे. इंजेक्शनं मुंबईहून आणायची की इथे घ्यायची, द्यायची कशी, रक्त कधी तपासायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

मेडऑन्को_किनारा
आधी 24 तासांचं बघू, कारण गावी येणाऱ्यांचा गोंधळ तिथेच होतो. 24 तास ही कमीत कमी मर्यादा आहे. अगदी त्याच मिनिटाला सुई टोचली पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. 24 ते 72 तासांच्या आत सुरुवात झाली की काम होतं. त्यामुळे स्टेशनवरून उतरून कुणाला शोधत धावू नका. आईंना घरी आणा, जेवूद्या, विश्रांती घेऊद्या आणि दुपारी 3 नंतर किंवा संध्याकाळी सावकाश द्या.

लवकर का द्यायचं नाही तेही समजून घ्या. हे औषध म्हणजे जीसीएसएफ. अस्थिमज्जेतल्या न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) मूळ पेशींना ते भराभर विभाजन करायला लावतं. केमो नेमकी विभाजन होणाऱ्या पेशींवरच घाव घालते. केमोचं औषध अंगात असताना हे दिलं, तर ज्या पेशी वाचवायच्या त्याच मारायला पुढे केल्यासारखं होतं. याच कारणाने पुढच्या केमोच्या आधीच्या 24 तासांतही फिलग्रास्टिम देत नाहीत. ज्यांना केमोचं औषध सोडणारा 46 तासांचा पंप लावून घरी पाठवतात, त्यांनी 24 तास पंप काढल्यापासून मोजावेत.

डोस साधारण 5 मायक्रोग्रॅम प्रति किलो. 46 किलोला 230 येतात. पण औषध 300 आणि 480 च्या मापात मिळतं, म्हणून जवळचं पूर्ण माप देतात. कार्डावरचे 300 योग्यच आहेत. कुठे 'मिलियन युनिट' असं लिहिलेलं दिसलं तर 300 मायक्रोग्रॅम म्हणजे 30 मिलियन युनिट.

आणखी एक. पहिल्या एक-दोन डोसनंतर काऊंट एकदम वर जातो. मज्जेत साठवलेल्या तयार पेशी बाहेर पडतात, म्हणून तो वाढतो. केमोमुळे काऊंट सर्वात खाली जातो तो खरा तळ त्यानंतर येतो, साधारण 7 ते 14 दिवसांदरम्यान. दुसऱ्या दिवशीचा सुंदर रिपोर्ट बघून "काऊंट वाढला, आता कशाला" असं म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. किती दिवस द्यायचं ते तुमचे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील.

औषधपेटी
केमिस्टच्या बाजूने लिहितो. जरा लांबण लागेल, पण हे औषध बिघडतं ते बहुतेक वाटेतच.

तापमान 2 ते 8 अंश. गोठू द्यायचं नाही, जोरात हलवायचं नाही, उजेडापासून जपायचं, म्हणजे खोक्यातच ठेवायचं. हे प्रथिन आहे. उष्णतेने, गोठण्याने किंवा घुसळण्याने त्याची घडी मोडते, आणि मोडलेलं औषध दिसायला पुष्कळदा स्वच्छच दिसतं. पांढुरकं झालं किंवा तुकडे तरंगले तर उघडच टाकायचं. पण स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलं, असं गृहीत धरू नका.

मुंबईहून आणायचं तर जेल पॅक किंवा बर्फ थेट फ्रीझरमधून काढून खोक्याला चिकटवू नका. लसीकरणवाल्या सिस्टर करतात तसं करा: आइसपॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच वापरा. रुंद तोंडाचा थर्मास किंवा छोटा थर्मोकोलचा डबा घ्या. तळाशी आइसपॅक, वर दुमडलेला टॉवेल, त्यावर इंजेक्शनचं खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, वरून पुन्हा कापड. एका रात्रीच्या प्रवासाला एवढं पुरतं. डबा बर्थखाली स्वतःजवळ ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलात तर सगळं फुकट.

घरच्या फ्रिजमध्ये मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये औषध गोठतं आणि दारातल्या कप्प्यात गरम होतं. या दोन्ही जागा नकोत.

पावसात लाईट जाते तो आपल्याकडचा मोठा प्रश्न. न उघडलेला फ्रिज साधारण 4 तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर वर सांगितलेल्या डब्यात हलवा. फ्रिजबाहेर किती तास चालतं ते प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळं असतं. काही फिलग्रास्टिमला 24 तास, काही पेगला 48 किंवा 72 तास, आणि तेही 25 किंवा 30 अंशांपर्यंतच. आपल्या खोक्यातला कागद वाचा आणि किती वाजता बाहेर काढलं ते खोक्यावर पेनाने लिहा.

मला विचाराल तर पाचही इंजेक्शनं एकदम घरी आणू नका. कणकवली, कुडाळ किंवा रत्नागिरीत जनरेटरवर फ्रिज चालवणाऱ्या केमिस्टकडे आधी फोन करून मागवून ठेवा आणि रोज एक किंवा दोन-दोन न्या. बिलावर बॅच नंबर घ्या. कोर्स चालू असताना कंपनी बदलावी लागली तर डॉक्टरांना सांगूनच, कारण एकाच 300 मायक्रोग्रॅमची सिरिंज कुणाची अर्धा मिलिची असते, कुणाची एक मिलिची. मोजायचे ते मायक्रोग्रॅम. मिलिवरून "अर्धंच दिलं" असं समजून दुसरं टोचू नका.

मालवणचो_पाज
औषधपेटी म्हणतत ता बरोबर आसा. एकच सांगतंय, मासळीच्या बर्फात घालून आणू नकात. तो बर्फ फुटको, इंजेक्शनाक सगळीकडसून लागता आणि ता गोठता.

खाडीकाठ
खूप आभार. आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज असतो, तिथे ठेवू देतील का?

सिस्टर_रत्नांग्री
नाही. तो आयएलआर फक्त लसींसाठी असतो, दुसरं औषध ठेवायची परवानगी नसते. सिस्टरना भीड घालू नका. इंजेक्शन देण्यासाठी मात्र जरूर विचारा. कार्ड आणि बिल दाखवलं की केंद्रातल्या सिस्टर किंवा गावातल्या नर्सताई देऊ शकतात. घरच्या माणसालाही शिकता येतं, पहिले एक-दोन डोस आमच्यासमोर द्यायचे.

देण्याची पद्धत लिहिते. फ्रिजमधून काढून अर्धा तास खोक्यातच बाहेर ठेवा, गार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरू नका. हात साबणाने धुवा. नाव, मायक्रोग्रॅम आणि मुदत वाचा. जागा: बेंबीभोवती दोन इंच सोडून पोट, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, किंवा दुसरं कुणी देत असेल तर दंडाची मागची बाजू. रोज जागा बदला. जिथे वळ, लाली, गाठ किंवा शस्त्रक्रियेची खूण आहे तिथे नको. स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा दंड टाळा, पोट उत्तम. स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या.

भरलेल्या सिरिंजमधला छोटा बुडबुडा काढायच्या नादात औषध सांडू नका, त्वचेखाली त्याने काही होत नाही. चामडी चिमटीत धरा. बारीक अंगाच्या माणसाला 45 अंशांत सुई घाला, चरबी असेल तर सरळ. हळूहळू दांडा दाबा, शेवटपर्यंत. सुई काढून कापसाने नुसतं दाबा, चोळायचं नाही.

बाटलीतलं असेल तर 1 मिलिची बारीक सिरिंज आणि 26 किंवा 27 नंबरची अर्धा इंची सुई. लाल टोपीची इंसुलिन सिरिंज वापरू नका, तिच्यावर 40 च्या खुणा असतात आणि मात्रा वाचताना चूक होते. बाटलीत उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, त्यात जंतुरोधक नसतं.

सुईला टोपण परत लावू नका. फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाका, वर 'सुया' असं लिहा, आणि पाऊण भरली की बंद करून आरोग्य केंद्रात द्या. परसात पुरणं-जाळणं नको. काही कंपन्यांच्या सिरिंजच्या टोपणात लेटेक्स असतं, रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

स्लाइड_आणि_स्टेन
रक्ताच्या रिपोर्टाबद्दल. लोक फक्त एकूण डब्ल्यूबीसी बघतात. बघायची एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिल आणि बँड (पूर्ण न पिकलेले न्यूट्रोफिल) यांची मिळून टक्केवारी, भागिले 100.

दोन रिपोर्ट घ्या, दोन्हींत एकूण 2100. एकात न्यूट्रोफिल 62 टक्के, एएनसी 1302. दुसऱ्यात 18 टक्के, एएनसी 378. पहिल्याला सांभाळून राहा म्हणता येईल, दुसऱ्याला ताप आला तर तो जिवावरचा प्रसंग. 1500 च्या खाली कमी, 1000 च्या खाली बरंच कमी, 500 च्या खाली गंभीर.

तालुक्याच्या लॅबमध्ये बऱ्याचदा थ्री-पार्ट मशीन असतं. ते 'ग्रॅन्युलोसाइट' देतं, त्याला न्यूट्रोफिल समजू नका. काऊंट कमी आला की काचेवर स्मिअर करून डोळ्यांनी मोजायला सांगा. नमुना जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, त्याच दिवशी तपासलेला हवा. संध्याकाळी घेऊन सकाळी लावलेल्या नमुन्यात पेशी बिघडतात.

आणि फॉर्मवर ठळक लिहा: "केमो चालू, जीसीएसएफ चालू", दोन्हींच्या तारखांसह. हे औषध घेतलेल्या माणसाच्या स्मिअरमध्ये बँड, मेटामायलोसाइट, मायलोसाइट अशा कच्च्या पेशी दिसतात, दाणे गडद दिसतात, एकूण आकडा 30-40 हजारांवर जाऊ शकतो. तपासणाऱ्याला माहिती नसेल तर तो रिपोर्टवर रक्ताच्या कर्करोगाची शंका लिहून मोकळा होतो आणि घरात रडारड. अल्कलाइन फॉस्फेटेज, एलडीएच आणि युरिक ॲसिडही त्या दिवसांत वाढलेले दिसतात. पेट स्कॅन ठरलेला असेल तर इंजेक्शनची तारीख तिथेही सांगा, सगळी मज्जा उजळलेली दिसते आणि हाडांत पसरलंय असा गैरसमज होऊ शकतो.

कोर्स थांबल्यावर एक-दोन दिवसांत आकडा निम्म्यावर येतो. तेही अपेक्षितच.

वेंगुर्ल्याची_वाट
माझ्या काकींना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आहे. त्यांना हे इंजेक्शन दिलं नाही. मागून घ्यावं का? आणि पेग म्हणजे जास्त ताकदीचं का?

मेडऑन्को_किनारा
मागून घेऊ नका. हे सगळ्यांना द्यायचं टॉनिक नाही. ज्या केमोत तापासह काऊंट पडण्याचा धोका 20 टक्क्यांहून जास्त, तिथे पहिल्या फेरीपासून देतात. 10 ते 20 टक्के असेल तर वय 65 च्या पुढे, आधी असा ताप येऊन गेलेला, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर, अशा गोष्टी बघून ठरवतात. एकट्या साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलला सहसा लागत नाही. छातीच्या मध्यभागी रेडिएशन आणि केमो एकत्र चालू असताना तर टाळतात.

पेगची ताकद वेगळी नाही. फिलग्रास्टिमलाच पॉलिइथिलिन ग्लायकॉलची साखळी जोडलेली असते. साधं फिलग्रास्टिम अंगात साडेतीन तासांत निम्मं होतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणून रोज द्यावं लागतं. पेग एवढं मोठं होतं की मूत्रपिंडातून जात नाही. ते संपवतात न्यूट्रोफिल पेशी. त्या कमी असेपर्यंत औषध टिकतं, वाढल्या की त्याच त्याला ओढून घेतात. म्हणून मोठ्यांना 6 मिलिग्रॅमचा एकच डोस, वजन कितीही असो. लहान मुलांना मात्र वजनावर.

पेगलाही केमोनंतरचे 24 तास लागू आहेत. आणि पुढची केमो 14 दिवसांच्या आत असेल तर माहितीपत्रकानुसार ते टाळायचं असतं, त्यामुळे साप्ताहिक केमोत ते बसत नाही. 21 दिवसांच्या फेरीत छान बसतं. दर 14 दिवसांच्या केमोत तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी पेग देतात, तो अभ्यासांवर आधारलेला त्यांचा निर्णय असतो. लांबून येणाऱ्यांना केमोच्या दिवशीच टोचून पाठवायची सोय काही वेळा सुचवली जाते. त्यात तळ जास्त खोल जाण्याची शक्यता असते. खाडीकाठ, तुमच्यासारख्यांनी पेग नीट डब्यातून आणून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गावी घेणं मला जास्त पटतं. पाच दिवस लाईट आणि रस्ता सांभाळण्यापेक्षा एक दिवस सांभाळणं सोपं.

रोजच्या आणि पेगच्या परिणामात मोठा फरक समजू नका. पाचऐवजी तीनच डोस घेतले तर मात्र फरक पडतो.

सिस्टर_रत्नांग्री
हाडं दुखण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कंबर, नितंब, मांड्या, छातीचं मधलं हाड, आतून ठणकल्यासारखं दुखतं. पेगनंतर बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. मज्जा कामाला लागलेली असते, म्हणून. पॅरासिटामॉल 500 किंवा 650 चालतं, पण प्रत्येक गोळीच्या आधी ताप मोजा आणि वहीत वेळेसह लिहा. गोळी ताप झाकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःहून नको, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाचा धोका. लोराटाडिन 10 मिलिग्रॅम रोज एक असं काही डॉक्टर देतात, बऱ्याच जणांना उतार पडतो, पण विचारून.

ही दुखणी वेगळी, ती ओळखा: डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला अचानक दुखणं, त्यात पाणथरी फुटण्याचा धोका असतो. धाप लागणं. अंगावर सूज येऊन लघवी कमी होणं. अंगभर गांधी, ओठ-चेहरा सुजणं. यात सकाळची वाट बघायची नाही.

कातळसडा
गावाकडे काऊंट कमी म्हटलं की पपईच्या पानांचा रस सुरू होतो. आणि पावसात ताप आला की "लेप्टो असेल, व्हायरल असेल" म्हणून दोन दिवस बघतात. यावर कृपया स्पष्ट लिहा.

मेडऑन्को_किनारा
स्पष्ट लिहितो, कारण या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. इंजेक्शन घेतलं म्हणजे ताप येणारच नाही असं नाही. ते धोका कमी करतं आणि तळातले दिवस कमी करतं.

तोंडातलं तापमान एकदा 38.3 अंश, म्हणजे 101 फॅरनहाइट, किंवा 38.0, म्हणजे 100.4, तासभर टिकलं, तर लगेच रुग्णालय. रात्र असो, पाऊस असो. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो, म्हणून तोंडात मोजा, चहा-पाण्यानंतर 15 मिनिटं थांबून. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी काहीही नको. ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी, भोवळ, गोंधळल्यासारखं बोलणं झालं तरी तेच. न्यूट्रोफिलच नसतात तेव्हा पू होत नाही, खोकल्यात कफ येत नाही, एक्स-रे सुद्धा स्वच्छ असू शकतो. ताप ही एकच खूण हातात असते.

गावातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "केमो अमुक तारखेला झाली, पांढऱ्या पेशी कमी असू शकतात." तापासाठी कमरेत इंजेक्शन घेऊ नका, प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साठतं आणि तिथे जंतू वाढतात. डेक्साही (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) नको, ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो.

रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम अशांपैकी. त्याआधी सीबीसी आणि ब्लड कल्चरचे दोन संच, पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर एक तिथून, एक हातातून. कल्चर लगेच जमत नसेल तर त्यासाठी औषध अडवून ठेवू नये. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू यांच्या तपासण्या आपल्याकडे पावसात करायलाच हव्यात, पण अँटिबायोटिक चालू झाल्यावर. रिपोर्टची वाट बघत सलाइनवर ठेवणं धोक्याचं.

देवगडहून जवळ ग्रामीण रुग्णालय आहे, पण शिरेतलं अँटिबायोटिक आणि कल्चर रात्री कुठे मिळतं, कणकवलीत की ओरोसला, हे केमोच्या आधीच फोन करून ठरवा. गाडीवाल्याचा नंबर, फाइल, केमोचं कार्ड, इंजेक्शनच्या तारखा एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

पपईच्या पानांच्या रसाने न्यूट्रोफिल वाढतात याला आधार नाही. कच्चा रस म्हणजे न उकळलेली पानं आणि विहिरीचं पाणी, तळातल्या दिवसांत हे नकोच.

भरती_ओहोटी
आहाराचं थोडक्यात. ताजी मासळी पूर्ण शिजवून खुशाल द्या, प्रथिनं हवीतच. तिसऱ्या, कालवं अर्धकच्ची नकोत, शक्यतो तळातल्या दिवसांत टाळाच. पाणी उकळून. सोलकढी घरी त्याच वेळी केलेली. फळं धुऊन सोलून. सगळं कच्चं बंद करणाऱ्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतो असं दिसलेलं नाही, तोंडाला चव नसलेल्या माणसाची उपासमार मात्र होते. लावणीच्या चिखलात, गोठ्यात अनवाणी जाणं बंद.

औषधपेटी
खर्चाचं: छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्री यांत या औषधात मोठी तफावत असते, दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमो चालू असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की इंजेक्शन पॅकेजमध्ये धरलंय का. बाहेरून विकत घेण्याच्या आधी विचारा.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: रस्ता बंद होऊन एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायची का?

मेडऑन्को_किनारा
नाही, दोन एकदम कधीच नाहीत. चुकलेलं त्याच दिवशी उशिरा जमलं तर उशिरा द्या. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी नेहमीचा एकच डोस आणि केमोच्या टीमला फोन, शेवटी एक दिवस वाढवायचा का ते सांगतील. पाचवा डोस आणि पुढची केमो यांत 24 तासांहून जास्त अंतर राहतंय ना हेही तेव्हाच विचारून घ्या. 21 दिवसांच्या फेरीत ते आरामात राहतं.